पाण्याआधीचा घाम

निलंग्याहून लातूरला जिल्हास्तरीय शालेय जलतरण स्पर्धेला निघालेली मुलं पहाटेची एसटी पकडतात. अंतर पन्नासेक किलोमीटर. पोटात चहा आणि चार बिस्किटं, दप्तरात टॉवेल, पोहण्याची चड्डी, गॉगल आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या. खिडकीतून गार वारं लागत असतं, गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले असतात. लातूरला उतरलेल्या मुलाच्या अंगाची अवस्था सांगायला शरीरशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. आपल्याकडे त्याला शब्दच आहे: अंग आंबलेलं असतं. मांड्या जड, पाठ धरलेली, खांदे आखडलेले. तासा-दोन तासांत याच अंगानं त्याला स्टार्टिंग ब्लॉकवरून सूर मारायचा असतो.

या मधल्या वेळेत मूल काय करतं, यावर त्याच्या शर्यतीचा बराचसा निकाल ठरतो. वर्षभराचा सराव झालेला असतो, त्यात आता एका दिवसात भर पडणार नाही. पण जे कमावलं आहे ते पाण्यात उतरेल की बसच्या बाकावरच राहील, हे मात्र या वेळेत ठरतं. हे प्रकरण त्या वेळेबद्दल आहे.

शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला याला ‘उत्तेजक व्यायाम’ म्हणतात, तलावावर ‘वॉर्म-अप’ म्हणतात. तालमीत म्हणतात ‘अंग तापवणं’. मला तालमीतला शब्द जवळचा वाटतो, कारण तो अक्षरशः खरा आहे. वॉर्म-अपचे फायदे पुष्कळ सांगितले जातात, पण त्यातला सगळ्यात मोठा फायदा तापमानाचा आहे. स्नायू तापला पाहिजे आणि शर्यत सुरू होईपर्यंत तापलेला राहिला पाहिजे. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात.

तालमीचा विषय निघाला म्हणून सांगतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७०च्या एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. ज्या मुलखानं असा मल्ल दिला, तिथल्या तालमीत पहाटे आधी काय होतं ते पाहा. पोरगा आल्या आल्या कुणाच्या अंगावर जात नाही. आधी फावडं किंवा कुदळ हातात घेऊन हौद्यातली माती उकरतो. तेल, ताक, हळद पिऊन दडपलेली ती माती खालून वर करायची म्हणजे कंबर, मांड्या, खांदे, पाठ सगळं एकाच वेळी कामाला लागतं. मग जोर, मग बैठका, मग सपाट्या. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला की वस्ताद जोड लावून देतात. माती मऊ झाली आणि पोरगाही मऊ झाला. दोन कामं एका फावड्यात. हळूहळू वाढत जाणारी, पुढे करायच्या कामाशी मिळतीजुळती, सगळ्या अंगाला हलवणारी हालचाल म्हणजे चांगला वॉर्म-अप, असं आजची क्रीडाशास्त्राची पुस्तकं सांगतात. मातीच्या हौद्यात ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. जलतरणात मात्र आपण ती विसरतो, आणि त्याचं कारण पाणी आहे. पाणी दिसलं की मुलाला उडी मारायची घाई होते.

आता तापमानाचं बघू. विश्रांतीत बसलेल्या माणसाच्या शरीराच्या गाभ्यात, म्हणजे हृदय-यकृताच्या आसपास, साधारण ३७ अंश सेल्सियस तापमान असतं. हातापायांचे स्नायू त्याहून थंड असतात, दोन-तीन अंशांनी तरी. हिवाळ्याच्या सकाळी आणखी थंड. स्नायूचं आकुंचन ही रासायनिक क्रिया आहे आणि रासायनिक क्रिया उबेत वेगानं होते. तापलेल्या स्नायूला रक्तातला ऑक्सिजन सहज सुटून मिळतो. मेंदूकडून येणारा संदेश मज्जातंतूतून जलद धावतो. स्नायूच्या आतला चिकटपणा कमी होतो. थंडीत गोठलेलं खोबरेल तेल आणि उन्हात वितळलेलं तेल यात जसा फरक, काहीसा तसा.

१९४५ साली अस्मुसेन आणि ब्योये या डॅनिश संशोधकांनी दाखवून दिलं की आधी अंग तापवलं तर जोराचं काम अधिक चांगलं होतं, आणि त्यात गाभ्याच्या तापमानापेक्षा स्नायूचं तापमान महत्त्वाचं ठरतं. पुढे १९८७ मध्ये सार्जंट यांनी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो, कारण डोळ्यांसमोर उभा राहतो. माणसांना पाऊण तास पाय पाण्यात बुडवून बसवलं. कधी ४४ अंशांच्या कढत पाण्यात, कधी १२ अंशांच्या गार पाण्यात. नंतर सायकलवर बसवून पायांची ताकद मोजली. कढत पाण्यानंतर ताकद नेहमीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी वाढली, गार पाण्यानंतर सुमारे २१ टक्क्यांनी घटली. माणूस तोच, पाय तेच. शिवाय हालचाल जितकी वेगवान, तितका हा फरक मोठा होत गेला. म्हणजे सावकाश लांब पोहणाऱ्यापेक्षा ५० मीटरच्या शर्यतीत हात-पाय झपाट्यानं मारणाऱ्याला थंड स्नायूचा फटका जास्त.

या प्रयोगातली वाढ पोहण्यात जशीच्या तशी दिसत नाही. पोहणं म्हणजे नुसती पायांची ताकद नव्हे. स्पर्धेतल्या पोहणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत वॉर्म-अपचा फायदा साधारण एक-दीड टक्क्याच्या आसपास आढळतो. दीड टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण १०० मीटरला ८० सेकंद घेणाऱ्या मुलीसाठी दीड टक्का म्हणजे १.२ सेकंद होतात. एवढ्या वेळात ती दीड मीटर अंतर कापते. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आणि तिसरी यांच्यात पुष्कळदा इतकंही अंतर नसतं.

तापायला वेळ किती लागतो? पहिल्या तीन ते पाच मिनिटांत स्नायूचं तापमान भराभर चढतं, दहा ते वीस मिनिटांत ते एका पातळीवर येऊन थांबतं. त्यापुढे रेटत राहिलं तर हाती फक्त थकवा लागतो. आणि उतरायला? थांबलात की पंधरा-वीस मिनिटांत कमावलेल्या उबेचा मोठा हिस्सा निघून जातो. अंगावर ओली चड्डी आणि ओले केस असतील तर त्याहूनही लवकर. हे उतरण्याचं गणित चढण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. त्याकडे परत येणार आहे.

पोहणाऱ्याची अडचण धावणाऱ्यापेक्षा वेगळी असते. धावणारा हवेत तापतो आणि हवेतच पळतो. पोहणारा ज्या माध्यमात तापतो तेच माध्यम त्याची ऊब ओढून नेतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट अधिक वेगानं उष्णता वाहून नेतं. स्पर्धेच्या तलावातलं पाणी २५ ते २८ अंशांचं असावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २६ अंशांच्या हवेत आपण बनियनवर सुखानं बसतो, पण २६ अंशांच्या पाण्यात नुसते उभे राहिलो तर थोड्याच वेळात ओठ निळे पडू लागतात. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं पसरट, म्हणून ते मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं. दहा वर्षांचं पोर पाण्यात कडेला धरून प्रशिक्षकाची सूचना ऐकत कुडकुडत असतं, तेव्हा त्याचा वॉर्म-अप उलट्या दिशेनं चाललेला असतो.

आपल्याकडच्या विहिरीनं हे ज्ञान वेगळ्या रीतीनं दिलेलं आहे. मराठवाड्यात जुन्या पिढीतल्या बहुतेकांची पहिली शाळा विहीरच. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, थोरल्या भावानं किंवा चुलत्यानं वरून ढकलायचं, आणि आत कुणीतरी झेलायला असायचं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोच पोरगा काठावरून मुटका मारायचा. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पाणी फारसं बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास टिकून राहतं. उघड्या तलावाचं तसं नाही. निलंगा बालाघाटच्या पठारावर, कोरड्या हवेत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निरभ्र आकाशाखाली तलावाचा पृष्ठभाग ऊब सोडत राहतो, कोरडं वारं बाष्पीभवन वाढवतं, आणि सकाळी सहाला तलाव विहिरीपेक्षा कितीतरी गार असतो. विहिरीत हिवाळ्यात पोहलेल्या माणसाला तलावही तसाच असेल असं वाटतं, आणि तो फसतो.

विहिरीवर जाणाऱ्या पोरांचा वॉर्म-अप आपोआप व्हायचा. गावापासून मळ्यापर्यंत पांदीच्या वाटेनं पळत जायचं, कपडे बाभळीच्या फांदीला लटकावायचे आणि उडी. उडी मारताना अंगावर घाम असायचाच. घरची म्हातारी मात्र बजावायची, घामेजल्या अंगानं पाण्यात पडू नको रे बाबा. मग खरं कुणाचं? म्हातारीच्या सांगण्यात तथ्य आहे, पण ते दमलेल्या, उन्हानं तापलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाबद्दल. अशा माणसानं एकदम गार पाण्यात उडी घेतली तर श्वास अडखळतो आणि हात-पाय साथ देत नाहीत. बेतानं तापलेल्या, दम खाली बसलेल्या अंगाला २६-२७ अंशांच्या पाण्याचा धोका नाही. फायदाच आहे. घामाची खरी अडचण तलावात वेगळीच असते. घाम पाण्यातल्या क्लोरीनशी मिसळला की क्लोरामाइन तयार होतात. तलावाचा तो उग्र वास आणि डोळ्यांची जळजळ बरीचशी त्यांच्यामुळे. म्हणून जमिनीवरच्या व्यायामानंतर शॉवर घ्यायचाच. पण अर्ध्या मिनिटात आटपायचा. गार शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहून कमावलेली ऊब नाल्यात घालवायची नाही.

विहिरीबद्दल एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण ती वॉर्म-अपपेक्षाही मोठी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या विहिरींचं पाणी झपाट्यानं खाली जातं. गेल्या आठवड्यात सूर मारला ती जागा या आठवड्यात उथळ झालेली असू शकते, खडक वर आलेला असू शकतो. उतरून, पाय टेकवून खोली बघितल्याशिवाय डोकं खाली करून उडी कुणीही मारू नये, कितीही सराईत असला तरी.

आता जमिनीकडे वळू. निलंग्यासारख्या ठिकाणच्या पोहणाऱ्यासाठी जमिनीवरचा वॉर्म-अप हाच कणा आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण आपल्याकडे पाणी आणि पाण्यातली वेळ दोन्ही तोलूनमापून मिळतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ नावाच्या रेल्वेगाडीनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव भरायला सुमारे ४ लाख ७० हजार लिटर लागतं. म्हणजे एक तलाव आणि एक जलदूत गाडी जवळपास सारखीच. अशा मुलखात तलावात मिळालेलं प्रत्येक मिनिट नुसतं हात-पाय हलवून अंग तापवण्यात घालवायचं नसतं. तापवण्याचं काम काठावर करून यायचं आणि पाणी पोहण्यासाठी ठेवायचं.

सरावाच्या दिवशी काठावर बारा-पंधरा मिनिटं पुरतात. सुरुवात दोरीवरच्या उड्यांनी किंवा जागच्या जागी धावण्यानं करावी, तीन-चार मिनिटं, बोलता येईल इतपत दम लागेपर्यंत. मग पंधरा-वीस बैठका. बैठका आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत आणि पोहणाऱ्याला त्यांच्याइतका चांगला व्यायाम शोधून सापडायचा नाही. ब्लॉकवरून झेपावताना आणि भिंतीला लाथ मारून वळताना तीच मांडी लागते. मग कमरेतून वळणं, घोटे गोल फिरवणं, आणि हातांची चक्रं. आधी छोटी, मग मोठी, पुढून आणि मागून. चक्रं झटके देऊन फिरवायची नाहीत. खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा आणि म्हणून सगळ्यात नाजूक सांधा आहे. पोहणारा तोच खांदा एका सरावात हजारो वेळा डोक्यावरून फिरवतो. १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी पोहणाऱ्यांच्या या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ असं नावच दिलं.

खांद्याच्या आतल्या छोट्या स्नायूंना जागं करायला रबरी पट्टा लागतो. दुकानातला रंगीत पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून घ्यावी, काम तेच होतं. ट्यूब खिडकीच्या गजाला किंवा खांबाला अडकवायची, कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात ठेवायचं आणि हात सावकाश बाहेर न्यायचा, तितक्याच सावकाश परत आणायचा. दोन्ही बाजूंनी बारा-पंधरा वेळा. ताण हलका असावा. इथे ताकद कमवायची नसते, त्या स्नायूंना फक्त कामावर बोलवायचं असतं.

एक जुनी सवय मोडायला हवी. तलावाच्या काठावर एक मुलगा बसतो, दुसरा मागून त्याचे दोन्ही हात पाठीमागे खेचत आणतो आणि कोपरं एकमेकांना लावून दाखवतो. पाहणाऱ्याला हे लवचीकपणाचं लक्षण वाटतं. प्रत्यक्षात सांध्यापुढचं आवरण त्यानं ताणलं जातं आणि खांदा सैल पडतो. एकाच जागी ताणून धरून ठेवण्याचे व्यायामही शर्यतीच्या आधी बेतानं करावेत. एखादा स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरला तर त्याची ताकद थोड्या वेळासाठी घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ताणून धरण्याचे व्यायाम वाईट नाहीत, त्यांची जागा सरावानंतर, शिथिलीकरणात आहे. आधी हलतं अंग, नंतर ताणलेलं अंग.

उन्हाळ्यात हा सगळा कार्यक्रम निम्म्यावर आणावा. मे महिन्यात ४० अंशांच्या वर गेलेल्या उन्हात मुलगा आधीच तापलेला असतो असं लोक म्हणतात. त्वचा तापलेली असते हे खरं, पण उन्हात बसून खांद्याला पोहण्याची आठवण होत नाही. सावलीत, थोडक्यात, पण हालचाल करायचीच. आणि पाणी प्यायचं. पाण्यात असताना घाम दिसत नाही म्हणून तो येत नाही असं नाही. पोटरीत गोळा येतो तेव्हा थकवा आणि थंड, न तापलेला स्नायू यांचा त्यात मोठा वाटा असतो.

पाण्यातल्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या परीनं ठरवतो. मोठ्या मुलांसाठी स्पर्धेच्या दिवशी ६०० ते ८०० मीटर, लहानांसाठी ३०० ते ४०० मीटर पुरेत. पहिले २०० सावकाश, लांब हात टाकत. नंतर थोडे नुसत्या पायांचे, थोडे नुसत्या हातांचे. मग ५० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित वेगानं. शेवटी १५ किंवा २५ मीटरचे दोन झपाटे, शर्यतीच्या वेगानं, आणि १०० मीटर रमतगमत. ज्या प्रकाराची शर्यत आहे तो प्रकार यात आलाच पाहिजे. बटरफ्लायची शर्यत असणाऱ्यानं सगळा वॉर्म-अप फ्रीस्टाइलमध्ये केला, तर कमरेची ती लाट शर्यतीतच पहिल्यांदा उठते.

अनोळखी तलावात या वेळेचा आणखी एक उपयोग असतो, तो म्हणजे मोजमाप. भिंत घसरडी आहे का, ब्लॉक किती उंच आहे, पाठीवर पोहताना वरच्या छोट्या झेंड्यांपासून भिंत किती हातांवर येते. विहिरीत शिकलेल्या मुलाला भिंत ही शेवट वाटते, तलावात ती दर २५ किंवा ५० मीटरला नवी सुरुवात असते. लेनमध्ये गर्दी असते तेव्हा जाताना उजवीकडून, येतानाही आपल्या उजवीकडून, म्हणजे समोरासमोर टक्कर होत नाही. वॉर्म-अपच्या लेनमध्ये पाय आधी घालून उतरायचं, सूर मारायचा नाही. सूर मारायला वेगळी लेन ठेवलेली असते, तिथे एकाच दिशेनं पोहायचं. एका विभागीय स्पर्धेत मी या नियमाकडे दुर्लक्ष होताना आणि एका मुलाच्या डोक्यावर दुसऱ्याची उडी पडताना पाहिली आहे. त्या मुलाची शर्यत तिथेच संपली. नशिबानं जखम किरकोळ होती.

आता त्या उतरणाऱ्या उबेकडे येऊ. शालेय स्पर्धेत वॉर्म-अपची वेळ सकाळी एकदाच मिळते. मग उद्घाटन, पाहुण्यांचं स्वागत, भाषणं, नंतर एकेका वयोगटाच्या शर्यती. स्वतंत्र वॉर्म-अप तलाव क्वचितच असतो. आपल्या मुलीची शर्यत येईपर्यंत तास उलटून गेलेला असतो आणि ती ओल्या पोशाखावर ओला टॉवेल पांघरून सिमेंटच्या पायरीवर बसलेली असते. २०१३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी २०० मीटर फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांवर नेमकं हेच तपासलं. वॉर्म-अपनंतर २० मिनिटांनी शर्यत केली तर वेळ किती आणि ४५ मिनिटांनी केली तर किती. ४५ मिनिटं थांबलेले सुमारे दीड टक्क्यानं मंद होते. म्हणजे वॉर्म-अपनं जेवढं मिळतं, जवळजवळ तेवढं वाट पाहण्यात जातं.

यावर ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१६ मध्ये उपाय तपासला. विजेवर तापणारी जाकिटं पोहणाऱ्यांना घातली आणि थांबण्याच्या वेळेत जमिनीवरचे थोडे जोरकस व्यायाम करून घेतले. दोन्ही एकत्र केल्यावर १०० मीटरची वेळ सुमारे ०.८ टक्क्यानं सुधारली. ती जाकिटं आपल्याकडे कुठून येणार, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे घोंगडी आहे. मेंढीच्या लोकरीची, पावसात रानात बसलेल्या धनगराला ऊब देणारी. ती वीज लावून तापत नाही, पण अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि इथे तेवढंच हवं असतं. वॉर्म-अप संपला की लगेच अंग आणि केस कोरडे करायचे, जमलं तर कोरडा पोशाख घालायचा, त्यावर पँट, स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात मोजे. मोज्यांना पोरं हसतात. हसू देत. पाय गार पडले की अंगाला हुडहुडी भरायला वेळ लागत नाही. या सगळ्यावर घोंगडी किंवा गोधडी. आणि आपली शर्यत पंधरा-वीस मिनिटांवर आली की उठायचं. तीन-चार मिनिटं जागच्या जागी धावणं, दहा बैठका, पाच उंच उड्या, हातांची चक्रं. पाण्यात उतरायची परवानगी नसली तरी तलावामागच्या मोकळ्या जागेत हे करायला कुणी अडवत नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं एकच काम केलं, हातात शर्यतींची यादी धरून मुलाला वेळेवर उठवलं, तरी पुष्कळ झालं.

इतक्या बारकाव्याला अर्थ आहे का, असं कुणी विचारलं तर मी कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची शर्यत सांगतो. २००८ मध्ये वयाची सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत त्यानं कांस्यपदक मिळवलं. १९८६च्या सोल स्पर्धेतल्या खजान सिंगच्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यात मिळालेलं ते पहिलं पदक, चोवीस वर्षांनी. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताला तो ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांत पोहला. अंतिम फेरीत त्याची वेळ २२.४७ झाली. कांस्यपदक २२.४६ला गेलं. सेकंदाचा शंभरावा भाग. त्या वेगानं पोहताना एवढ्या वेळात शरीर साधारण सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतं. बोटाचं एक पेर. त्या दिवशी नेमकं काय कमी पडलं हे बाहेरून सांगणं चुकीचं ठरेल आणि मला ते सांगायचंही नाही. जगात जिथे पदकं अशी पेराच्या अंतरानं ठरतात, तिथे एखादा टक्का म्हणजे अर्ध्या मीटरचं अंतर होतं. म्हणून हे बारकावे.

शर्यतीच्या अगदी आधीच्या मिनिटांत मुलं आणखी एक गोष्ट करतात आणि ती मला काळजीत टाकते. भराभर, खोल श्वास घेणं. दहा, वीस, तीस. ‘हवा भरून घेतो’ म्हणतात. शरीरात त्यानं ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ भरलेलं असतं. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि ‘आता श्वास घे’ ही घंटा वाजवणारा तोच असतो. घंटा काढून टाकली की मूल पाण्याखाली बेसावध राहतं, ऑक्सिजन संपतो आणि कसलीही जाणीव न होता शुद्ध हरपते. विहिरीत दम धरण्याच्या पैजा लागतात तिथे हा धोका सगळ्यात मोठा, कारण खाली गेलेला पोरगा गढूळ पाण्यात दिसत नाही. दोन-तीन शांत, संथ श्वास, बाहेर सोडण्यावर भर देऊन, एवढेच पुरेत. पैजा तर नकोतच.

उरलेली पाच मिनिटं कॉल रूममध्ये किंवा लेनमागच्या खुर्चीवर जातात. जगातले मोठे पोहणारेही तिथे स्थिर बसत नाहीत. मायकेल फेल्प्स ब्लॉकवर चढून वाकायचा आणि लांब हात पाठीमागे फडाफड आपटायचा, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आपल्या मुलांनी त्याची नक्कल करावी असं नाही. प्रत्येकाचं आपलं काहीतरी असावं आणि ते सरावात रोज केलेलं असावं. कुणी दंडांवर थापट्या मारतं, कुणी घोटे फिरवतं, कुणी ओंजळभर पाणी छातीवर घेतं, म्हणजे पहिला गारवा अंगाला आधीच कळतो. स्पर्धेच्या दिवशी नवं काही करून बघायचं नाही. नवा गॉगलसुद्धा नको.

मग पंच बारीक-बारीक शिट्ट्या वाजवतात. पोहण्याचा पोशाख सोडून बाकीचे कपडे काढा, असा त्यांचा नियमानुसार अर्थ असतो. बरीच मुलं त्याच्या कितीतरी आधी, नाव पुकारलं की लगेच, सगळं काढून उघड्या अंगानं वाऱ्यात उभी राहतात. थांबावं. टोपी आणि गॉगल आधीच चढवलेले असू द्यावेत, घोंगडी खांद्यावर असू द्यावी, पाय जागच्या जागी हलत असू द्यावेत. बारीक शिट्ट्या वाजल्या की घोंगडी खुर्चीवर टाकायची, मोजे काढायचे. त्यानंतर येते ती एक लांब शिट्टी, आणि तिच्यावर पाऊल ब्लॉकवर पडतं. अंग अजून कोमट असतं.